फलकाच्या सावलीतलं भात

अंधेरीच्या आमच्या सोसायटीत मला सगळे शेतीखात्यातली बाई म्हणून ओळखतात. मी शेतीखात्यात कधीच नव्हते. मी एका खत कंपनीत होते आणि माझं काम खत विकायचं नव्हतं, खत घातल्यावर पिकात नेमकं काय होतं ते मोजायचं होतं. हा फरक मी कित्येक वर्षं समजावून सांगतेय. सगळं ऐकून घेतल्यावर समोरची बाई विचारते, "मग माझ्या तुळशीला काय घालू?" काही घालू नका. रोज तांब्याभर पाणी ओतून तुम्ही तिला बुडवताय, ते आधी थांबवा.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कामातले हृद्य अनुभव मागितले. तसले अनुभव माझ्याजवळ नाहीत. चिखल आहे, जळवा आहेत, आणि बांधावर उभं राहून भाताला शहाणपण शिकवणारे साहेब आहेत. त्यातल्या एका साहेबांची आणि एका शेताची हकिकत सांगते. बाकीचे साहेब थोड्याफार फरकानं तसेच होते, त्यामुळे वाचकांचं फार नुकसान होणार नाही.

आधी काम समजून घ्या. भाताचं रोप उन्हावर माल तयार करतं. त्यात दोन गोष्टी मोजायच्या असतात. शेतावर पडलेल्या उन्हातलं पिकानं किती अडवलं, ही पहिली. अडवलेल्या उन्हातून पान, काडी आणि दाणा धरून किती वाळका माल तयार केला, ही दुसरी. ताटात किती वाढलं आणि त्यातलं अंगी किती लागलं, असे हे दोन वेगळे प्रश्न. एखादं पीक भरपूर ऊन अडवतं आणि काहीच करत नाही. अशी माणसंही मी पाहिली आहेत, त्यांना केबिन असते.

लावणी झाल्यावर पहिले काही आठवडे बहुतेक ऊन चिखलावरच पडून वाया जातं, कारण पानंच नसतात. पुढे फुटवे येतात, शेत भरून येतं आणि खालचा चिखल दिसेनासा होतो. युरियातलं नत्र इथे पहिलं काम करतं. ते पानं वाढवतं, म्हणजे ऊन अडवणारी चादर मोठी होते. पीक पोटरीवर येतं, लोंबी पोटात धरतं, तेव्हा ते दुसरं काम करतं. पानाच्या आत नत्र पुरेसं असेल तर तेच पान तेवढ्याच उन्हातून जास्त माल काढतं. फुलोऱ्याच्या सुमारास हे काम सगळ्यात जोरात असतं. नंतर दाणे भरायला लागले की रोप पानातलं नत्र काढून दाण्यात घालतं, पानं पिवळी पडतात आणि कामाचा वेग उतरतो. हे पिवळं पडणं म्हणजे आजार नव्हे. घरातलं सामान बांधून पोरांच्या नव्या घरी पाठवावं, तसं ते आहे.

पण हे साहेबलोकांना कोण सांगणार? त्यांना हिरवं पाहिजे. हिरवं दिसलं की त्यांचे डोळे निवतात, छायाचित्रकार सरसावतो आणि अक्कल रजेवर जाते. मुलुंडला एका शेतकऱ्यानं दुप्पट युरिया टाकलेलं शेत आमच्या विक्रीवाल्यांनी एकदा पंधरा पाहुण्यांना फिरवून दाखवलं. पानं अशी काळीभोर हिरवी, की पाहुणे हात लावून बघत होते. खालची पानं वरच्यांच्या सावलीत कुजत होती, काडी मऊ झाली होती. पुढच्या आठवड्यात वारा सुटला आणि सगळं भात चटईसारखं लोळलं. ते बघायला कोणी पाहुणे आणले नाहीत.

ही ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. आमची चाचणीची शेतं आधी चारकोपला होती. तिथे घरांच्या योजनेसाठी मातीचा भराव पडायला लागला, तेव्हा आम्ही खाडी ओलांडून गोराईला गेलो. कंपनीची जीप आम्हाला बोरिवलीच्या बाजूला धक्क्यापर्यंत सोडायची, तिथून होडी. माझ्याबरोबर सावंत असायचा. हा आमचा सहायक, मूळ मालवणचा, वडील गिरणीत. तो माझ्याच वयाचा आणि माझ्याहून दुप्पट बोलायचा. त्याच्या खांद्यावर प्रकाशमापकाची पेटी आणि हातभर लांब काचेची नळी. ही नळी एकदा पिकाच्या वर आडवी धरायची, एकदा पिकाच्या बुडाशी सरकवायची. वरचं ऊन आणि खालचं ऊन, यांतला फरक म्हणजे पिकानं अडवलेलं ऊन. मग ठरलेल्या चौकटीतली रोपं कापायची, अंधेरीच्या प्रयोगशाळेत भट्टीत वाळवायची आणि तोलायची. त्या भट्टीत ऑफिसातले लोक आपापले डबे गरम करायला ठेवत. कितीदा तरी माझ्या नमुन्यांना बांगड्याच्या तिखल्याचा वास आला.

शेत मार्थाबाईंचं. मार्थाबाई गोराईच्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातल्या, वय पन्नाशीच्या पुढे, नवरा आखातात बोटीवर. भात, भाजी, कोंबड्या आणि गावातली भांडणं, सगळं एकटीनं बघायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बांधावर थांबवलं.

"बाय, तुमचा खत फुकट हाय, ता ठीक. पन फुडले वर्साला मना सगले शेतान टाकाचा हाय. दोनदा टाकू का तीनदा, ता तू सांगाचा. तो चष्मेवाला साहेब नको."

"का हो? साहेब परदेशात शिकून आलेत."

"तईं भात पिकते काय?"

"गहू पिकतो."

"मंग रोटी कराला त्याला बोलवू," त्या म्हणाल्या. सावंतनं खाडीकडे तोंड करून हसून घेतलं.

चष्मेवाला साहेब म्हणजे कर्णिक. डॉक्टर कर्णिक. चाचणी विभागाचे प्रमुख आणि माझे वरिष्ठ. त्यांची एक लाडकी कल्पना होती. दाणे भरताना पानं पिवळी पडतात म्हणून कामाचा वेग उतरतो ना? मग फुलोऱ्यात युरियाचा तिसरा हप्ता द्या, पानं हिरवी ठेवा, वेग टिकेल, भात वाढेल. कागदावर हे अगदीच खोटं नव्हतं. पिकाला आधी नत्र कमी पडलं असेल तर थोडा उपयोग होतोही. पण फुटव्यांच्या आणि पोटरीच्या वेळी व्यवस्थित खत मिळालेल्या पिकाला तिसरा हप्ता म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा पाटावर बसवणं. लोंबीत दाणे किती धरायचे ते तोवर ठरून गेलेलं असतं.

विक्रीवाल्यांना ही कल्पना अर्थातच फार आवडली. तीन हप्ते म्हणजे जास्त गोण्या. पुढच्या हंगामाआधी कोकणभर वाटायचं पत्रक कर्णिकांनी लिहूनही ठेवलं होतं: 'तिसरा हप्ता द्या, ऊन वाया घालवू नका.' त्यात फक्त आकडे भरायचे बाकी होते, आणि ते आकडे माझ्या गोराईच्या शेतातून यायचे होते. म्हणजे मी जे मोजेन त्यावर मार्थाबाई आणि त्यांच्यासारखे हजारो लोक आपल्या शेतात काय ओतायचं ते ठरवणार होते. मला तेवढीच एक काळजी होती. बाकी मला कर्णिकांशी काही देणंघेणं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रत्येक खतासाठी शेताचे चार-पाच तुकडे ठेवायचे आणि चिठ्ठ्या टाकून ते शेतभर विखरायचे, म्हणजे एखाद्या कोपऱ्याचा कस कमी असला तरी एकाच खतावर अन्याय होत नाही. मी तसा आराखडा करून नेला. कर्णिकांनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"बाई, पाहुण्यांना यातून काय कळणार? हा काय भुलभुलैया आहे? तीन तुकडे करा, एका ओळीत, होडीवरून येणाऱ्या वाटेला लागून. आधी दोन हप्ते, त्याच्या शेजारी तीन हप्ते, शेवटी बिनखताचा. माणूस चालत जाईल आणि बघत जाईल."

"साहेब, हे प्रदर्शन आहे की चाचणी?"

"दोन्ही," ते म्हणाले. दोन्ही म्हणणाऱ्या माणसाला प्रदर्शनच हवं असतं, हे मला माहीत होतं. पण शिक्का त्यांचा होता.

दुसरा हुकूम असा, की ऊन मोजायचं ते फक्त भर दुपारी. बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो, आकडे स्थिर येतात, असं त्यांच्या परदेशी पुस्तकात होतं. शिवाय ऑफिसातून निघून जीप, होडी करत गोराईला पोचायला साडेअकरा वाजायचेच, त्यामुळे पुस्तक आणि आळस यांचं छान जमलं.

आणि मग आला फलक. जुलैत, लावणी आटोपल्यावर, कंपनीनं दोन लोखंडी खांबांवर पत्र्याचा प्रचंड फलक उभा केला. उंची दीड पुरुष, लांबी एखाद्या होडीएवढी. कंपनीचं नाव, भाताची लोंबी आणि हसणारा शेतकरी. त्या शेतकऱ्याच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता. फलक शेताच्या पूर्वेच्या बांधावर, दक्षिणेच्या टोकाला, धक्क्याकडे तोंड करून लावला, म्हणजे होडीतून उतरणाऱ्याला आधी तो दिसावा.

"बाई, ह्यो फलक न्हय, थेटराचो पडदो आसा," सावंत म्हणाला. "आता फकस्त तिकिटां लावची रवली."

मार्थाबाईंनी त्यावर ओला परकर वाळत घातला. कर्णिकांनी तो काढायला लावला. त्या दिवसापासून मार्थाबाई त्यांचं नाव घेताना थुंकायच्या, पण शेताच्या बाहेर.

मी तो फलक कुठे आहे ते पाहिलं होतं. मागे, तुकड्यांच्या दक्षिणेला, रोपं उपटून रिकामी झालेली जागा होती, सावली पडलीच तर तिथे पडणार. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये गोराईला ऊन असतं कुठे? आभाळ गच्च. ढगातून उजेड सगळीकडून सारखा झिरपतो, सावलीच पडत नाही. भाताला हा मऊ उजेड आवडतोही, कारण तो खालच्या पानांपर्यंत पोचतो आणि मिळेल तेवढ्यातून पीक जास्त कमाई करतं. तेव्हा ओळीतल्या तिन्ही तुकड्यांचे आकडे जसे यायला हवेत तसे येत होते. बिनखताचा तुकडा मागे. उरलेले दोन जुळ्या भावांसारखे.

सप्टेंबरात पीक निसवलं, फुलोरा आला, तिसरा हप्ता पडला. आभाळ मोकळं झालं. आणि माझे आकडे फाटले. दोन हप्त्यांच्या तुकड्यातला माल एकदम वाढेनासा झाला. बारा वाजता मोजलं तर तो शेजारच्याइतकंच ऊन अडवत होता, पण त्यातून काही निघत नव्हतं. तीन हप्त्यांचा तुकडा मात्र जोरात.

कर्णिक हर्षानं उभे राहिले. "बघा! मी काय म्हणत होतो? नत्र संपलं, पान थकलं. हाच तो क्षण! बाई, तुम्ही उगीच शंका काढत होता."

"एका आठवड्यात पान इतकं थकत नाही, साहेब. पानं हिरवीच आहेत."

"तुमचे डोळे थकलेत," ते म्हणाले आणि त्यांनी छापखान्याला फोन लावला.

आकडे माझेच होते. मी पुन्हा कापलं, पुन्हा वाळवलं, पुन्हा तोललं. तेच. करपा नाही, कीड नाही, पाणी सारखं. मला काही सापडेना, आणि जे सापडत नाही ते नाही असं मानायची माझी पद्धत नाही.

अशात मार्थाबाईंचा निरोप आला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे आगेरा. म्हणजे नव्या भाताचा सण. सकाळच्या मिस्साला नव्या लोंब्या चर्चमध्ये न्यायच्या, पाद्रीबाबा आशीर्वाद देतात, मग त्यातले दाणे घरी आणायचे. या लोंब्या पिकलेल्या पहिल्या शेतातून, त्याच दिवशी सकाळी कापायच्या. आणि मार्थाबाईंचं पहिलं पिकणारं शेत म्हणजे आमचे चाचणीचे तुकडे.

तोलायच्या चौकटीतून कोणी पेंढीभर लोंब्या देवाच्या नावानं कापल्या, तर माझ्या आकड्यांचा सत्यानाश. निरोप घेऊन आलेल्या माणसाकडून मी उलटा निरोप पाठवला की चौकटीला हात लावू नका. त्यावर उत्तर आलं, "माजे शेतान मना कोन इचारनार?" तेव्हा मी रविवारी स्वतःच गेले. सणाला गेले नव्हते, राखणीला गेले होते. पहाटेच घर सोडलं, पहिली होडी धरली आणि ऊन कोवळं असतानाच बांधावर पोचले. तोवर माझ्या सगळ्या नोकरीत मी, किंवा आमच्या ऑफिसातलं कोणीही, त्या वेळी त्या शेतात गेलेलं नव्हतं.

मार्थाबाई नऊवारी लुगडं, सोन्याची फुलं अशा थाटात विळा घेऊन उभ्या होत्या.

"आयली राखनदारीन," त्या म्हणाल्या. "देवाला दोन लोंब्या द्यावाला पन तुजा साहेबाचा हुकूम लागते?"

"दोन घ्या, दहा घ्या. पण सुतळी बांधलेल्या चौकोनातून नको."

त्या आधी तीन हप्त्यांच्या तुकड्यात शिरल्या. लोंब्या अजून कच्च्या हिरव्या. दाणा दाबला की चीक येत होता. "हा तुमचा साहेबाचा भात नाताळला पिकेल," म्हणत त्या बाहेर आल्या आणि दोन हप्त्यांच्या तुकड्यात गेल्या. उत्तरेच्या बाजूनं शिरल्या, कापत कापत दक्षिणेकडे आल्या आणि थांबल्या. लुगड्यावरचं ऊन गेलं होतं. त्या सावलीत उभ्या होत्या.

मी मागे वळून पाहिलं. पूर्वेला फलक, त्याच्या मागून वर येणारा सूर्य, आणि त्या हसऱ्या शेतकऱ्याची काळी चौकोनी सावली माझ्या तुकड्याच्या जवळजवळ अर्ध्या भागावर पांघरूण घातल्यासारखी.

हे कळायला शाळेतला भूगोल पुरे. जुलैत सूर्य ईशान्येच्या अंगानं उगवतो, तेव्हा फलकाची सकाळची सावली नैर्ऋत्येला, रिकाम्या जागेत पडणार होती. ढगांमुळे तीही दिसली नाही. सप्टेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकला, सावली उत्तरेकडे सरकली आणि सरळ दोन हप्त्यांच्या तुकड्यात शिरली. अगदी दाणे भरायच्या वेळी, जेव्हा एकेका सकाळचं ऊन लोंबीत जातं. आणि आम्ही पोचायचो दुपारी. तेव्हा पत्रा सूर्याच्या धारेवर उभा, सावली काठीएवढी. आमची काचेची नळी इमानदारीत सांगायची, ऊन पुरेपूर आहे. ज्या उन्हाचा हिशेब आम्ही त्या पिकाच्या नावावर मांडत होतो, त्यातलं सकाळचं ऊन त्याला मिळतच नव्हतं. उन्हाचा प्रयोग करणाऱ्या कंपनीनं स्वतःच्या नावाचा पत्रा पिकाच्या तोंडावर धरला होता आणि वर म्हणत होती, पीक थकलं.

सावलीतल्या लोंब्या मी हातात घेतल्या. ताठ उभ्या, हलक्या. दाणे दाबले तर बरेच पळिंज, नुसती फोलं. चार पावलांवर, उन्हातल्या बाजूला, त्याच खताच्या लोंब्या भारानं वाकलेल्या.

"काय झाला, बाय? तोंड का असा?"

"मार्थाबाई, या बाजूच्या लोंब्या चर्चला नेऊ नका. पोकळ आहेत."

"कोनी केला?"

मी फलकाकडे बोट दाखवलं. मार्थाबाईंनी सणासुदीचं लुगडं सावरलं, पत्र्याजवळ गेल्या आणि त्या छापील शेतकऱ्याच्या पोटावर विळ्याचा उलटा दांडा हाणला. असा आवाज झाला की वाटेवरच्या बायका मिस्साला जायचं सोडून बघत राहिल्या.

सोमवारी मी कर्णिकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे मी बोलत असताना ते पत्रकाच्या कच्च्या छपाईत अनुस्वार शोधत होते.

"सकाळची थोडी सावली. त्यानं काय होतं?"

"निम्म्या तुकड्यात दाणेच भरले नाहीत, एवढं होतं."

"फलक हलवता येणार नाही. महिनाअखेर संचालकसाहेब येताहेत."

"मग आकडे वापरता येणार नाहीत."

"सरासरी काढा."

"एका माणसाला ताप आहे, शेजारचा धडधाकट आहे, तर सरासरीनं दोघांना अर्धी गोळी द्यायची का?"

"बाई, तुमची सही पत्रकावर लागत नाही," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला. संभाषण संपल्याची ती खूण असे.

सही लागत नव्हती हे खरं होतं. मी राजीनामा दिला असता तरी पत्रक गेलंच असतं, वर शेत सांभाळायला त्यांनी एखादा होयबा ठेवला असता. तेव्हा मी भांडण तिथेच सोडलं आणि कापणीला गेले. दोन हप्त्यांचा तुकडा मी दोन भागांत वेगळा कापला, सावलीतला आणि उन्हातला. मार्थाबाईंनी भात झोडलं, सावंतनं सूप धरलं. सावलीतल्या भागाचं भात पाखडताना अर्धं वाऱ्यानं उडून खाडीकडे गेलं. "बाई, ह्यां भात न्हय, कापूस आसा," सावंत म्हणाला. उन्हातल्या भागानं तीन हप्त्यांच्या तुकड्याची बरोबरी केली. तिसऱ्या हप्त्यानं मिळवून काय दिलं? उशीर आणि पेंढा.

आकडे घेऊन मी पुन्हा केबिनमध्ये गेले. भांडायला गेले की काय होतं ते पाहिलं होतं. आता दुसरी वाट उरली होती, आणि ती मला मुळीच आवडत नाही. स्तुती करणं मला जमत नाही. पण मार्थाबाई रोज विचारत होत्या, दोनदा का तीनदा, आणि छापखाना थांबत नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "पत्रकं काय, कोणीही काढतं. पण हा तर सावलीचा प्रयोग झालाय."

चष्मा पुसणारा हात थांबला. "म्हणजे?"

"दाणे भरताना फक्त सकाळचं ऊन काढून घेतलं तर भातावर काय परिणाम होतो. खत तेच, जात तीच, शेत तेच. एका बाजूला ऊन, एका बाजूला सावली. आपल्याकडे असं कोणी केलेलं माझ्या तरी वाचनात नाही. परिषदेत वाचण्यासारखं आहे."

"पण तो फलक..."

"कसला फलक? सावलीसाठी उभा केलेला अपारदर्शक पडदा."

माणसाच्या चेहऱ्यावर विचार उगवताना मी फार थोड्या वेळा पाहिलाय. कर्णिकांच्या चेहऱ्यावर तो पहिल्यांदाच पाहिला. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "अपारदर्शक पडदा," ते पुटपुटले. "नियोजित."

"फक्त एक अडचण आहे," मी म्हटलं. "सावली आपण मुद्दाम पाडली असं म्हटलं, तर तोच तुकडा साधा दोन हप्त्यांचा म्हणून पत्रकात दाखवता येणार नाही. कोणीतरी दोन्ही शेजारी ठेवून वाचेल. आणि उन्हातला भाग घेतला, तर तिसऱ्या हप्त्याचा काही फायदा दिसत नाही."

एका बाजूला विक्रीवाल्यांच्या गोण्या होत्या, दुसऱ्या बाजूला व्यासपीठ, शाल आणि नाव. मला निकालाची शंका नव्हती. त्यांनी माझ्यासमोरच छापखान्याला फोन लावला आणि पत्रक थांबवलं. विक्रीवाल्यांना सांगितलं, "आकड्यांना शास्त्रीय आधार अपुरा आहे." हे वाक्य मी त्यांना महिनाभर सांगत होते.

तोवर छापून झालेले गठ्ठे मुलुंडच्या गोदामात गेले. गोण्यांखाली अंथरायला ते बरे पडले, ओल धरत नाही.

मार्थाबाईंना मी त्याच आठवड्यात सांगितलं, दोनदाच टाका, एकदा फुटव्यांना आणि एकदा पोटरीला. त्यांनी मान हलवली. "आनी तुजा साहेब?"

"साहेब आता सावलीवर निबंध वाचणार आहेत."

"तुजा नाव हाय त्यान?"

"नाही."

"मेल्याला लाज नाय," त्या म्हणाल्या आणि मला घरात नेऊन नव्या तांदळाचा भात आणि बोंबील वाढले. मी तांदळाकडे लक्ष देऊन जेवले. चांगला होता.

मला यात एक गोष्ट आजही खुपते. तो निबंध आमच्या धंद्याच्या नियमानं कचरा होता. एकच तुकडा, एकच हंगाम, चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. खोटं पत्रक थांबवायला मी खोट्या हेतूचा निबंध पुढे केला. आकडे खरे होते, एवढंच. धड केलेला प्रयोग मला हवा होता, तो मला कोणी करू दिला नाही, आणि पुढच्या वर्षी कंपनीनं गोराईचं शेतच सोडून दिलं, कारण संचालकसाहेबांना होडी लागली.

परिषद मुंबईतच भरली. मी मागच्या ओळीत बसले होते, शेजारी सावंत, सूट घातलेला, बहुधा भाड्याचा. कर्णिकांनी निबंध छान वाचला. पडद्यावर गोराईचं शेत दाखवलं, फलक मात्र चतुराईनं कापलेला. मग प्रश्न. एक प्राध्यापक उभे राहिले. चांगला माणूस असावा, प्रश्न अगदी नेमका होता.

"डॉक्टर, सावली सकाळचीच का निवडलीत? दुपारची का नाही?"

कर्णिक पाणी प्यायले. सगळ्या सभागृहावरून नजर फिरवत ती माझ्यापर्यंत आणली. मी कार्यक्रमपत्रिका वाचायला घेतली.

"यामागे," ते म्हणाले, "आमचं दीर्घ चिंतन आहे."

प्राध्यापकांनी मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनीही लिहून घेतलं.

"बाई," सावंत कानाशी म्हणाला, "टाळ्यो वाजवूक होयो काय?"

"वाजव," मी म्हटलं. "पत्रक निघालेलं नाही." आणि सगळ्यांच्या आधी मीच सुरुवात केली.